मायाचं ताट

दिवाळी झाल्यावर बाबारावनं नाल्याकाठच्या तुकड्यात मुळा पेरला. हरभऱ्याला साडेतीन महिने लागतात, गव्हाला चार. मुळा दीड महिन्यात ताटात येतो. आपण या गावात आणखी किती दिवस आहोत हे कोणी सांगत नव्हतं, तेव्हा जे लवकर उपटता येईल तेच पेरायचं, असं त्यानं ठरवलं.

पिपरडोह उमरेडच्या अंगाला होतं. कोळशाची खाण सरकत सरकत गावाच्या वेशीपर्यंत आली होती. एकशे चाळीस घरांचं गाव दसरा ते दिवाळीच्या आत सात किलोमीटरवरच्या नव्या कॉलनीत गेलं. जाताना लोकांनी दारं नेली, चौकटी नेल्या, छपरावरचे कवेलू उतरवले, आढ्याच्या लाकडी मयाली खांद्यावर घालून नेल्या. मागं नुसत्या भिंती राहिल्या. लोक गेल्यावर चार-आठ दिवस कुत्री ओसाड गल्ल्यांतून हिंडली, मग तीही माणसांच्या मागं गेली. कावळेसुद्धा दिसेनासे झाले.

राहिलं ते बाबारावचं एकच घर. पुनर्वसनाच्या यादीत त्याच्या घराचा नंबर त्याच्या चुलतभावाच्या, देवरावच्या नावावर लागला होता. देवराव तो प्लॉट घेऊन मोकळा झाला. बाबाराव दर आठवड्याला कागदांची पिशवी घेऊन नागपूरच्या कचेरीत जायचा आणि संध्याकाळी पिशवी तशीच घेऊन परत यायचा. घरात त्याची बायको अंजनाबाई आणि सून दीप्ती. मुलगा रविंद्र मौद्याला पॉवर प्लांटात ठेकेदाराकडे कामाला, तो रविवारी यायचा. वीज तोडली होती. हापशी तेवढी चालू होती.

रोज दुपारी दोन वाजता खाणीचा भोंगा तीनदा वाजायचा. मग सुरुंगानं जमीन हलायची, मांडणीवरचे डबे थरथरायचे आणि थोड्या वेळानं बारीक काळपट धूळ खाली उतरायची. मुळ्याचा पाला तीन पाण्यांनी धुतला तरी चौथं पाणी गढूळ निघायचं.

पौष लागला होता. सकाळी अंजनाबाई आणि दीप्ती नाल्यावर मुळा उपटत होत्या. माती गार होती. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, त्यांत ती जाऊन बसत होती. खालची जमीन कडक, म्हणून मुळे सरळ उतरले नव्हते. कोणी वाकडा, कोणी दोन पायांचा.

"आई, आज पुन्हा मुळाच?" दीप्तीनं विचारलं. ती कळमेश्वरची, बाजारपेठेत वाढलेली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं.

"मंग काय करतं? पाल्याची भाजी करू, दाळ टाकून. आन् एखादा कच्चा चिरून तेल-तिखट लावू."

"काल तेच होतं."

"उद्याही तेच आहे. जेव्हा कागद येईन तेव्हा वांगे खाजो."

दीप्ती हसली नाही. ती उभी राहून गावाकडं पाहत होती.

"आई, त्या घरातून धूर निघून राहिला."

अंजनाबाईनं मान वर केली. भिंतींच्या पलीकडून एक बारीक, सरळ धूर वर चढत होता. वारा नव्हता. धूर धोंडबाच्या घरातला होता. धोंडबा मरून पाच वर्षं झाली होती आणि त्याची बायको सिंधूताई दिवाळीआधीच ट्रॅक्टरवर बसून कॉलनीत गेली होती.

"कोणी चोर-चिलटं असन," अंजनाबाई म्हणाली. पण जिथं चोरायला चौकटसुद्धा उरली नाही तिथं चोर कशाला येतील, हे तिचं तिलाही कळत होतं.

घरी आल्यावर तिनं बाबारावला सांगितलं. तो ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता. हात न थांबवता तो म्हणाला, "तू तिकडं जाऊ नको."

"काहून?"

"भिंती पडाऊ आहेत. बलास्टिंगनं एखादी अंगावर येईन."

अंजनाबाईनं तेवढं ऐकून घेतलं. एक वाजता भाजी चुलीवरून उतरली तेव्हा तिनं दीप्तीला ताटं करायला सांगितलं आणि स्वतः गल्लीनं निघाली.

गल्लीत तिच्याच पायांचा आवाज येत होता. दोन्ही बाजूंना दारांच्या जागी भोकं. एका भिंतीवर अजून कोणाच्या लग्नाची हळदीची बोटं होती. धोंडबाच्या अंगणात ती थबकली. अंगण शेणानं सारवलेलं होतं. गेल्या साली झडलेल्या शेंगांमधून मुळा आपोआप उगवला होता, त्याचे दोन वाफे नीट बांधून काढलेले होते आणि माती ओली होती. मुळ्याच्या फोडणीचा उग्र वास नाकात शिरला.

आत छप्पर नव्हतं. स्वयंपाकघरात वरून ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात सिंधूताई चुलीपुढं बसली होती. केस विंचरलेले, लुगडं स्वच्छ. तुराट्या मोडून चुलीत सारत ती म्हणाली, "ये अंजना. बस."

अकरा वर्षांत सिंधूताई तिच्याशी हा पहिला शब्द बोलली होती. शेताच्या एका धुऱ्यावरून, बांधावरून, दोन्ही घरांचं बोलणं तुटलं होतं. अंजनाबाई उखडलेल्या चौकटीच्या खड्ड्याशीच बसली.

"तुमी इथी काय करून राहिल्या, सिंधूताई?"

"सैपाक."

"कोणासाठी?"

"मायासाठी," सिंधूताई म्हणाली. "तिले कॉलनीचा पत्ता कुठी माहीत आहे? ते येईन तर इथंच येईन ना. आन् घरी आल्यावर चूल थंडी दिसली तर?"

माया तिची एकुलती पोरगी. भिवापुराकडं दिली होती. अकरा वर्षांपूर्वी सासरहून निघाली ती हरवली. सासरचे म्हणायचे, माहेरी गेली. सिंधूताई म्हणायची, ती आलीच नाही, यांनीच मारून टाकली. पोलिसांनी जावयाला महिनाभर ठेवलं आणि सोडून दिलं. पुढं काही झालं नाही.

अंजनाबाई सिंधूताईच्या तोंडाकडं निरखून पाहत होती. वेडाची एखादी खूण दिसली असती तर तिला बरं वाटलं असतं. पण सिंधूताईचे हात पूर्वीसारखेच चालत होते. तिनं भिजवलेली चण्याची डाळ कढईत टाकली, बारीक चिरलेला पाला दोन मुठी भरून वर घातला, मुळ्याच्या चकत्या घातल्या, सराट्यानं एकदा वरखाली केलं आणि झाकण ठेवून त्यावर पाणी ओतलं. मग एक कोवळा मुळा घेऊन उभे चार काप केले.

"रोज येता?"

"आज पाचवा दिवस. फाट्यापर्यंत ऑटो मिळते. तिथून पायी."

"आन् हे ताट?"

सिंधूताईनं ताट वाढलं. भाकर, भाजी, मिठाची चिमूट, कच्च्या मुळ्याचे काप आणि त्यांवर जवसाच्या तेलाची धार. मग ताटावर टोपलं पालथं घातलं आणि टोपल्यावर दगड ठेवला.

"मी असली तर ते येत नाही," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "मी गेल्यावर येते. जेवते, ताट धुते आन् पालथं घालून ठेवते. लहानपणापासून तिले तेच वळण लावलं होतं मी."

अंजनाबाई टोपल्याकडं पाहू लागली.

"जेवते?"

"चार दिवस झाले, रोज. एक शीत राहत नाही."

भोंगा वाजला. सिंधूताईनं दोन्ही हातांनी टोपलं दाबून धरलं. जमीन हादरली, भिंतीवरून मातीची ढेकळं गळली. धूळ खाली आली ती तिच्या केसांवर, पापण्यांवर बसली, पण ताटावर कण पडला नाही. मग ती उठली, पदर झटकला आणि फाट्याच्या रस्त्याला लागली.

घरी येऊन अंजनाबाईनं आपलं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती दीप्तीला घेऊन धोंडबाच्या घरात गेली. टोपलं बाजूला ठेवलेलं होतं. दगड टोपल्यात. ताट धुऊन भिंतीच्या कडेला पालथं घातलेलं.

"कुत्रं असन," अंजनाबाई म्हणाली.

"आई, कुत्रं ताट धुते का?" दीप्तीचा आवाज बारीक झाला होता. "आन् गावात कुत्रं आहे कुठी?"

परत येताना दीप्ती तिचा हात सोडेना. घरी आल्यावर म्हणाली, "मले रविवारी यांच्यासंगं मौद्याले जाऊ द्या. एक खोली घेऊन राहू. मी इथी राहत नाही."

"मी आहे ना वं."

"तुमी आहात, पण तुमचे हात कापून राहिले."

अंजनाबाईनं हात पदराखाली घेतले. दीप्तीला वाटलं सासू भुताला भ्याली. अंजनाबाई भ्याली होती ते वेगळ्या गोष्टीला, आणि ती तिनं अकरा वर्षांत नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

माया आली होती. असाच पौष होता. अंगणात तुरीच्या मळणीची माणसं पंगतीला बसली होती आणि अंजनाबाई मुळ्याची भाजी वाढत होती. सिंधूताई आणि धोंडबा लग्नाला गेले होते, घराला कुलूप होतं. माया येऊन अंगणाच्या बांबूच्या ताटीशी उभी राहिली. खालचा ओठ सुजलेला, हातात कापडी पिशवी, पायांत चप्पल नाही.

"काकू, भाकर आहे का?"

भाकर होती. टोपलंभर होती. पण दोन्ही घरांत तेव्हा उभा दावा होता. हिला घरात घेतलं की उद्या सासरची माणसं दारात येतील, सिंधूताई वेगळीच बोंब मारेल. पंगतीतली माणसं घास हातात धरून पाहत होती. अंजनाबाईला ते पाहणं सोसेना.

"तुझी माय सांजेले येईन. बस तिकडं, आपल्या ओट्यावर," ती म्हणाली. नुसतंच हाकलल्यासारखं वाटू नये म्हणून तिनं टोपल्यातला एक मुळा पाल्यासकट उचलून तिच्या हातात दिला. भिकाऱ्याला देतात तसा, लांबून.

मायानं तो घेतला. तिथंच उभ्यानं एक घास तोडला आणि चावत चावत निघून गेली. संध्याकाळी ओट्यावर कोणी नव्हतं. चार दिवसांनी शोधाशोध सुरू झाली. पहिल्या दिवशी अंजनाबाई भांडणाच्या भीतीनं बोलली नाही. नंतर बोलली नाही ती पहिल्या दिवशी बोलली नव्हती म्हणून. मळणीची माणसं बाहेरगावची होती, ती कधीच परत आली नाहीत.

आता माया रोज येऊन जेवून जात असेल, तर एखाद्या दिवशी याही दारात येईल. भाकर आहे का, म्हणेल. अंजनाबाईला दिवसाढवळ्या ताटीकडं पाहवेनासं झालं.

गुरुवारी बाबाराव पहाटेच कागदांची पिशवी घेऊन नागपूरला गेला. दुपारी धूर निघाला, भोंगा वाजला, धूळ बसली. सिंधूताई नाल्याच्या बाजूनं परत जाताना दिसली. चार वाजता अंजनाबाई एकटीच गेली. ताट पालथं होतं. तिनं ते हातात घेतलं. ओलं होतं. कडेवरून पाण्याचा थेंब तिच्या पायावर पडला. गल्लीत, अंगणात, वाफ्यांपाशी कोणी नव्हतं. तिनं ताट होतं तसं ठेवलं आणि मागं न पाहता घरी आली. बाबाराव दिवेलागणीला परत आला, तेव्हा ती त्याला काही बोलली नाही.

शुक्रवारी तो घरी होता. जेवणं झाली. भोंग्यानंतर तो पाण्याचा गडवा घेऊन उठला.

"कुठी चालले?"

"नाल्यावर. पाणी किती राहिलं ते पाहतो."

नाल्यावरचं पाणी पाहायला पाण्याचा गडवा कशाला, असा प्रश्न अंजनाबाईच्या मनात तो गल्लीच्या वळणावर गेल्यावर आला. ती अनवाणीच त्याच्या मागं निघाली. बाबाराव नाल्याकडं वळला नाही. तो सरळ धोंडबाच्या अंगणात शिरला.

तिनं भिंतीच्या भोकातून पाहिलं. त्यानं टोपल्यावरचा दगड उचलला, टोपलं बाजूला केलं आणि ताटापुढं मांडी घालून बसला. एकदा हात जोडले. मग भाकर मोडून तो खाऊ लागला. तासाभरापूर्वीच तो घरी दोन भाकरी जेवला होता. घास गिळताना त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या. पण त्यानं भाजी संपवली, कच्च्या मुळ्याचे काप एक एक करून संपवले, मीठसुद्धा बोटानं पुसून खाल्लं. मग गडव्यातल्या पाण्यानं ताट धुतलं आणि पालथं घातलं.

"रविंद्रचे बाबा," अंजनाबाईनं हाक मारली.

तो दचकला नाही. जणू कधीतरी ही हाक येणारच होती. त्यानं रिकामा गडवा खाली ठेवला.

"पहिल्या दिवशी धूर दिसला म्हणून पाहायले आलो," तो म्हणाला. "कोणी नव्हतं. ताट झाकून होतं. समजलं मले, कोणासाठी ते. उद्या वहिनी येईन आन् पाहीन का भाकर सुकून गेली, पोरगी आलीच नाही... मले ते पाहवलं नसतं."

"म्हणून तुमी जेवले?"

"हो."

"रोज?"

"जेवढे दिवस इथी होतो तेवढे." तो खाली पाहत बोलत होता. "मले जेवणंच भाग होतं वं. ते कुठी गेली मले माहीत आहे. मी तिले बसमध्ये बसवलं."



त्यानं सगळं सांगितलं. त्या दिवशी तो उमरेडहून मोटरसायकलवर येत होता. कॅनॉलच्या पुलावर माया भेटली, एकटीच पायी चाललेली. मागं बसवून तो तिला उमरेडच्या स्टँडवर घेऊन गेला आणि नागपूरच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटेपर्यंत तो खाली उभा होता.

"काका, कोणाले सांगू नका म्हणाली. पाय धरले माझे, भर स्टँडवर. मी शब्द दिला. मले वाटलं, आठ दिवसांनी तिची तीच फोन करीन."

"पोलीस आले होते ना जी गावात!"

"त्यायनं मले विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं." तो पुढं म्हणाला, "धोंडबा मरायले टेकला होता तेव्हा, बोलणं नसूनही, त्याच्या खाटेपाशी बसलो होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण आता सांगितलं तर तो मलेच शाप देत मरीन, असं वाटलं."

अंजनाबाई म्हणाली, "ते आपल्या दारात आली होती. मी तिले जेवू नाही दिलं."

"मले माहीत आहे."

"कसं?"

"तिच्या हातात अर्धा मुळा होता. त्या साली गावात मुळा आपल्याच वावरात होता."

अकरा वर्षं दोघं एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून जेवले होते, आणि त्याला सगळं माहीत होतं.

मग अंजनाबाईला कालचा दिवस आठवला.

"काल तुमी नागपूरले होते," ती म्हणाली.

"हो. काल जेवायले जमलं नाही. म्हटलं, सिंधूवहिनीले आज सुकलेलं ताट दिसलं असन."

"काल मी आली होती इथं चार वाजता. ताट धुतलेलं होतं. ओलं होतं."

बाबारावनं तिच्याकडं पाहिलं. तो चेष्टा समजला असावा, पण तिचं तोंड पाहून त्याचा चेहरा उतरला. त्यानं वाकून ताट उचललं, उलटं सुलटं करून पाहिलं आणि घाईनं खाली ठेवलं. गुरुवारी ते ताट कोणी खाल्लं ते त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही. दोघं गल्लीनं परत आले ते एकमेकांना चिकटून, नव्या लग्नाच्यांनी चालावं तसे.

शनिवारी एक वाजता दोघंही सिंधूताईच्या चुलीपुढं जाऊन बसले. अंजनाबाईनं आधी आपलं सांगितलं. ओठ सुजलेला होता हे सांगितलं, पंगत सांगितली, लांबून दिलेला मुळा सांगितला. काही लपवलं नाही. मग बाबारावनं पुलापासून स्टँडपर्यंतचं सांगितलं. सिंधूताई कढईतली भाजी हलवत होती. मध्येच तिचा हात थांबला, पण सराटा तिनं सोडला नाही. भाजी खाली लागू लागली. करपल्याचा वास सुटला.

आता ही निखारा उचलून तोंडावर मारेल, असं अंजनाबाईला वाटत होतं. मारावा, असंही वाटत होतं.

"म्हणजे पोचली होती," सिंधूताई म्हणाली. "माझ्या दारापर्यंत पोचली होती."

"हो वहिनी."

"मुळा खाल्ला तिनं?"

"खात खातच गेली," अंजनाबाई म्हणाली. तिला रडू फुटलं.

सिंधूताईनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. "गाडीत जागा भेटली होती का?"

"खिडकीशी. डायवरच्या मागं."

"मले सांगू नका म्हणाली असन."

बाबारावनं मान खाली घातली. "माझ्या मायले तर बिलकूल सांगू नका म्हणाली."

"काहून म्हणून मी विचारत नाही, भाऊजी. मले माहीत आहे. दोन डाव आली होती अशीच, ओठ फुटून. दोन्ही डाव मीच तिले नेऊन सोडलं तिकडं. दुसऱ्या डावाले तर गाडीत रडून राहिली होती, तर लोक पाहून राहिले म्हणून मी चिमटा घेतला." तिनं कढई उतरवली. "मायाचे बाबा मले म्हणत, नको सोडू. मी ऐकलं नाही. ते तसेच गेले बिचारे."

तिनं ताट वाढलं. करपलेली भाजी वरवरून घेतली, भाकर ठेवली, मुळा चिरला, तेलाची धार सोडली. पण या वेळी टोपलं घातलं नाही. ताट स्वतःकडं ओढलं आणि ती जेवू लागली. आठ-नऊ दिवस ती इथं सैपाक करत होती, पण या घरात तिनं एक घास खाल्ला नव्हता. ती सावकाश चावत होती. छप्पर नसलेल्या घरात मुळ्याचा कचकच आवाज तेवढा येत होता. भोंगा वाजला. तिनं ताटावर हात धरला नाही. जमीन हलली, धूळ उतरली, भाकरीवर बसली आणि तिनं तो घास तसाच तोंडात घातला.

जाताना ती अंजनाबाईपाशी थांबली. मग फाट्याकडं निघाली, आणि दुसऱ्या दिवसापासून धूर निघाला नाही.

माघात कागद आला. यादी दुरुस्त झाली होती, बाबारावला कॉलनीत वेगळा प्लॉट मिळाला. रविंद्र सुट्टी काढून आला. दोन दिवसांत कवेलू उतरले, चौकटी निघाल्या. दीप्तीनं वाफ्यांतला राहिलेला मुळा सगळा उपटून पोत्यात भरला आणि ट्रॅक्टर निघाला तेव्हा तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला. पुढच्या महिन्यात खाणीच्या मशिनी गावठाणात शिरल्या.

कॉलनीत मुरमाची जमीन, सरळ रेषेत घरं, रस्त्याला खांब. राहायला आल्यावर चौथ्या दिवशी अंजनाबाई मुळ्याची जुडी घेऊन सिंधूताईचं घर विचारत गेली. दाराला कुलूप होतं. शेजारची मेघा कपडे वाळत घालत होती.

"सिंधूआजी नागपूरले जाते सकाळच्या गाडीनं," ती म्हणाली. "रोज. डबा घेऊन. सांजेले येते."

"नागपूरले कोणाकडं?"

"कोणाकडंच नाही. माझा नवरा सांगत होता, स्टँडवर बसून राहते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अंजनाबाई गाडीच्या थांब्यावर उभी होती. घरी तिनं सगळं सांगितलं होतं. बाबाराव म्हणाला होता, "जा. मी करून घेतो माझं." गाडी आली. सिंधूताई खिडकीशी बसली होती, ड्रायव्हरच्या मागं. अंजनाबाई वर चढली तेव्हा तिनं मांडीवरची पिशवी उचलून जागा करून दिली. दीड तासानं गाडी नागपूरला पोचली.

गणेशपेठच्या स्टँडवर खूप गर्दी होती. उमरेडच्या गाड्या लागतात त्या फलाटासमोर सिंधूताई एका बाकड्यावर जाऊन बसली. तिथली जागा तिच्या सवयीची दिसत होती. गाड्या येत होत्या, माणसं उतरत होती, बायका पोरांना ओढत नेत होत्या. सिंधूताई कोणाला शोधत नव्हती. ती नुसती पाहत होती.

साडेदहाच्या सुमाराला एक बाई येऊन बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिशीची असेल, पस्तिशीची असेल. हातात कापडी पिशवी. साडीचा काठ चिखलानं भरलेला. तिनं दोन गाड्या जाऊ दिल्या, चढली नाही. अंजनाबाई तिच्या तोंडाकडं पाहू लागली, अकरा वर्षं मोजू लागली. नाक तसं वाटलं, मग वाटेना. ती बोलायला पुढं सरकली. सिंधूताईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला.

मग तिनं पिशवीतून स्टीलचं ताट काढलं, पदरानं पुसलं आणि दोघींच्या मध्ये ठेवलं. डबा उघडला. भाकर, मुळ्याच्या पाल्याची डाळ घातलेली भाजी, मीठ, उभे चिरलेले काप. तेलाची छोटी बाटली काढून तिनं वरून धार सोडली. ताट त्या बाईकडं सरकवलं आणि आपण दुसरीकडं पाहू लागली.

बाई बराच वेळ ताटाकडं पाहत राहिली. मग जेवली. भराभर जेवली, मान वर न करता. मुळ्याचा शेवटचा काप चावत ती नळावर गेली, ताट धुऊन आणलं, बाकड्यावर ठेवलं, पिशवी उचलली आणि पुढच्या गाडीच्या गर्दीत शिरली. गाडी कुठली होती ते अंजनाबाईला वाचता आलं नाही.

"कोण होती वं ते?" तिनं कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही."

"नाव तरी विचारायचं होतं, सिंधूताई! गाव विचारायचं होतं!"

"नाव विचारलं का उठून जातात," सिंधूताई म्हणाली. "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं एकीले. अर्ध्या ताटावरून उठली." तिनं ताट पुसलं आणि अंजनाबाईच्या मांडीवर ठेवलं. डबाही तिच्याकडं सरकवला.

"घे. अजून दोन भाकरी आहेत. आता येईन तिले तू वाढजो."